शेजाऱ्याच्या भातावर करपा न पडल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी,
तालुका कृषी अधिकारी कार्यालय,
जिल्हा ठाणे.

अर्जदार : गॅब्रियल इनास नुनीस, सेवानिवृत्त टंकलेखक व शेतकरी, राहणार उत्तन, भाईंदर (पश्चिम).

विषय : माझ्या शेतास लागून असलेल्या शेतातील भातपिकावर करपा रोग न पडल्याची चौकशी होणेबाबत, तसेच तेथील रस्त्याकडील फलकावर माझे नाव घालणेबाबत.

संदर्भ : १) भातावरील करपा नियंत्रणाचे प्रात्यक्षिक, खरीप हंगाम २०२५. २) सदर फलक. ३) माझी तोंडी तक्रार, जी आपल्या शिवांगी मॅडम यांनी हसू दाबून ऐकून घेतली.

महोदय,

नोकरीत असताना मी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज टंकित केले. स्वतःच्या नावाचा हा पहिलाच. त्यामुळे भाषेत काही कमीजास्त झाल्यास ते माझ्या परिस्थितीमुळे झाले आहे असे समजावे, अज्ञानामुळे नव्हे.

१. मीरा-भाईंदरमध्ये भात पिकते हे पुष्कळांना खरे वाटत नाही. माझी मुलगी टिना शांती नगरात राहते. तिच्या सोसायटीतील मंडळींना मी शेतकरी आहे असे सांगितले, तेव्हा त्यांनी "कुठे, गावाला का?" असे विचारले. उत्तन हेच माझे गाव, आणि ते त्यांच्याच महापालिकेत आहे, हे मी त्यांना दोनदा समजावले. तरी निघताना त्यांनी मला "गाव को कब जाओगे अंकल?" असे विचारलेच. ते असो. आमच्या आळीत आता भाताची दोनच शेते उरली आहेत. एक माझे आणि दुसरे परशुराम काशीनाथ घरत यांचे. बाकीच्यांनी विकली, भराव घातला, नाहीतर लग्नाचे लॉन केले. आमच्या दोघांच्या शेतांमध्ये एक बांध आहे आणि त्या बांधाच्या टोकाला, माझ्या हद्दीत, बेलाचे एक झाड आहे. झाड माझे आहे ही नोंद आपण येथेच घ्यावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

२. उक्त परशुराम व माझे वैर नाही. वैर असते तर हा अर्ज लिहिणे सोपे गेले असते. आम्ही एका वयाचे आहोत. लहानपणी खाडीत पोहायला मी त्याच्या आधी शिकलो, पण लांब तो गेला. मी घराला रंग काढला की त्याच्या घराचा जुनाच रंग लोकांना जास्त आवडतो. त्याच्याकडे चहा पिऊन आलेला माणूस आमच्या ओट्यावर बसून त्या चहाची तारीफ करतो, आणि आमचा चहा अर्धा ठेवून जातो. त्याचा मुलगा निकेत बापाला विचारल्याशिवाय काही करत नाही, आणि माझा मुलगा लॉयड मला विचारतो ते फक्त गाडीची चावी कुठे आहे एवढेच. या बाबी आपल्या खात्याच्या अखत्यारीत येत नाहीत हे मला मान्य आहे. पार्श्वभूमी म्हणून लिहिल्या.

३. गेल्या जून महिन्यात आपल्या शिवांगी मॅडम प्रात्यक्षिकासाठी आमच्याकडे आल्या. करपा या रोगावर एका शेतात कंपनीचे बुरशीनाशक आणि दुसऱ्यात वनस्पतींचा अर्क फवारायचा, आणि शेवटी कोणाचे पीक कसे राहते ते पाहायचे, अशी योजना होती. कोणी काय घ्यायचे असे त्यांनी विचारले. मी तात्काळ बुरशीनाशक मागून घेतले. त्याची पाकिटे चकचकीत होती व त्यावर बारीक अक्षरात बराच मजकूर छापलेला होता. छापील मजकुरावर माझा विश्वास आहे. परशुराम म्हणाला, "मना काय, उरंल तं चालंल." त्याच्या वाट्याला बेलाचा व तुळशीचा पाला वाटून, भिजवून, गाळून फवारायचे काम आले. तुळस त्याच्या अंगणात होती. बेल माझा. मी त्या दिवशी मोठ्याने हसलो होतो, हे मॅडमच्या लक्षात असेलच.

४. बेलाबाबत थोडे सविस्तर. माझ्या आजोबांच्या वेळेपासून परशुरामच्या घरचे लोक महादेवासाठी आमच्या झाडाचा बेल नेतात. आम्ही ख्रिस्ती असल्याने आम्हाला त्या पानांचा उपयोग नाही. आमच्या गावची एक जुनी रीत अशी की, झाड ज्याचे असेल त्याला त्या झाडापासून जे काही केले जाईल त्याचा वाटा द्यायचा. चिंच पाडली तर टोपलीभर झाडवाल्याच्या घरी जाते. फणस उतरवला तर त्यातले गरे जातात. देवाच्या पानांवर वाटा घ्यायचा नाही असे माझे वडील म्हणत, म्हणून बेलावर आम्ही कधी काही मागितले नाही. परंतु महोदय, रोगावरचा अर्क हा देव नाही. माझ्या झाडाच्या पानांनी दुसऱ्याचे शेत सांभाळले जात असेल, तर रीतीप्रमाणे झाडाचा वाटा मला यायला हवा. ही गोष्ट मी परशुरामला तोंडाने सांगितली नाही. सांगावी लागली तर ती रीत कसली? मी वाट पाहत राहिलो. वाटा काही आला नाही.

५. आता फलक. आपल्या खात्याने दोघांच्याही शेतात एकसारखे फलक लावले याबद्दल मी ऋणी आहे. मात्र परशुरामचे शेत रस्त्याला लागून आहे आणि माझे त्याच्या मागे, खाडीच्या अंगाला आहे. परिणामी त्याचा फलक बसमधून जाणारे पर्यटकसुद्धा वाचतात, व माझा फलक फक्त बगळे वाचतात. एका रविवारी काही तरुण मंडळींनी त्याच्या फलकापाशी उभे राहून, त्याला मध्ये घेऊन, फोटो काढले. मी पलीकडून हात हलवला. त्यांनीही हसून हात हलवला, आणि मी जरा बाजूला सरकावे अशी खूण केली, कारण मी मागे फोटोत येत होतो.

६. फवारणीचा तपशील. फुटवे येण्याच्या वेळी एकदा व लोंबी बाहेर पडताना एकदा, असे दोन वेळा फवारावे असे मॅडमनी सांगितले होते. मी पहिल्या फवारणीला गेलो तेव्हा परशुराम पाठीवर पंप घेऊन निम्मे शेत उरकून बसला होता. त्याच्या मागे राहणे मला रुचले नाही. म्हणून मी दोन्ही वेळांचे औषध त्याच दिवशी मारून टाकले. मी एकाच दिवसात दोन्ही कामे संपवली आणि त्याचे एक शिल्लक राहिले, याचे त्या संध्याकाळी मला समाधान होते. पुढे लोंबी निसवायच्या सुमारास माझ्याकडे औषध नव्हते. केबिन रोडवर एका दुकानात विचारले, तर दुकानदार म्हणाला, "अंकल, टेरेस गार्डन है क्या? गुलाब के लिए है, दे दूँ?" मी तेथून निघून आलो.

तसेच ऑगस्टमध्ये परशुरामचे भात माझ्या भातापेक्षा हिरवेगार दिसू लागले. तो प्रकाशाचा परिणाम आहे असे टेरेझा, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली. मला तसे वाटले नाही. मी लॉयडकडून वसईहून युरिया मागवला व टाकला. काही दिवसांत माझे भात त्याच्यापेक्षा काळपट हिरवे झाले आणि मी बांधावर खुर्ची टाकून बसू लागलो. पुढे रोग आल्यावर शिवांगी मॅडमनी मला पहिलाच प्रश्न केला, "काका, युरिया घातलात का? जास्त युरियाने पान कोवळं राहतं आणि करप्याला तेच आवडतं." हा प्रश्न तक्रारीशी संबंधित नसल्याने मी त्याचे उत्तर दिले नाही.

७. मूळ तक्रारीकडे येतो. सप्टेंबरमध्ये माझ्या भाताच्या पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसू लागले. मधे राखाडी, कडेला तपकिरी. तेव्हा मी दुर्लक्ष केले, कारण माझे लक्ष परशुरामच्या पानांवर तसे ठिपके आहेत का हे पाहण्यात होते. नव्हते. मग लोंब्या बाहेर पडल्या आणि त्यांच्या माना काळ्या पडून मोडू लागल्या. मान मोडलेली लोंबी पांढरी पडते, तिच्यात दाणा भरत नाही, हाताने चोळली तर भूस निघते. माझ्या शेतात सकाळी उभे राहिले की सगळीकडे पांढरे दिसे. बांधाच्या पलीकडे पिवळेधमक, ओझ्याने वाकलेले भात, आणि मध्ये हातभर रुंदीचा बांध.

यावर विचार करून मी असा निष्कर्ष काढला आहे की, परशुरामच्या अर्काने रोग मरत नाही. तो हाकलला जातो. हाकललेला रोग बांध ओलांडून माझ्याकडे येतो. अन्यथा एकाच वाऱ्यात, एकाच पावसात, एकाच वाणाच्या दोन शेतांत असा भेदभाव होण्याचे कारण नाही. मॅडमचे म्हणणे असे की करप्याचे बीज हवेतच असते, ते सगळीकडे पडते, ज्याने वेळेवर औषध मारले त्याच्याकडे वाढत नाही, मग ते औषध पाकिटातले असो की पाल्याचे. "बुरशीला बांध कळत नाही, काका," असे त्या म्हणाल्या. मला त्यांच्या शिक्षणाबद्दल आदर आहे. पण माझ्याकडची बुरशी पाहता तिला बांध चांगलाच कळतो असे माझे मत आहे.

८. या सर्व काळात मला सर्वांत जास्त त्रास घरातून झाला, हे नमूद करताना संकोच वाटतो. मी बेलाच्या खोडावर 'पाने तोडू नयेत, हद्दीत पाय ठेवू नये' अशी पाटी टांगली होती. दुसऱ्या दिवशी टेरेझाने स्वतः फांद्या वाकवून टोपलीभर पाला काढला आणि परशुरामच्या बायकोला, कमळाबाईला, नेऊन दिला. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "बेल आपुन काय भाजीत घालतो? कुजून पडण्यापरास कामाला तरी येतोय." पाटीवर तोडू नये असे लिहिले आहे हे मी निदर्शनास आणले. त्यावर तिचे उत्तर असे की, ती पाटी शेजाऱ्यांसाठी आहे, तिच्यासाठी नाही. नंतर ती रोज संध्याकाळी फिरायला म्हणून परशुरामच्या शेताकडे जाऊ लागली. परत आली की जेवताना सांगे, "कसला भात आलाय! बघत राहावंसं वाटतंय." आमचे लग्न होऊन इतकी वर्षे झाली, पण माझ्या कोणत्याही गोष्टीकडे पाहून ती असे म्हणाल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशी मला आमटीची चव लागली नाही.

९. आता सर्वांत महत्त्वाची बाब, ज्यासाठी मी मुळात अर्ज लिहावयास बसलो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेरा असतो. हा नव्या भाताचा सण. शेतातल्या पहिल्या लोंब्या कापून बँडच्या साथीने देवळात नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि प्रत्येक घराला एकेक लोंबी मिळते. ती वर्षभर घरातल्या तसबिरीला लावून ठेवतात. या लोंब्या आमच्या शेतातून जातात. माझे आजोबा त्या डोक्यावरून नेत, मग माझे वडील इनास, आणि त्यांच्यानंतर मी. पूर्वी गावात शेते पुष्कळ होती, तेव्हाही हा मान आमच्याकडेच होता. नोकरी संपली. कचेरीतली टंकयंत्रे भंगारात गेली. पोरे आपापल्या मार्गाला लागली. मान म्हणण्यासारखे माझ्याकडे आता एवढे एकच उरले आहे, महोदय. वर्षातल्या त्या एका सकाळी सगळे उत्तन माझ्या मागून चालते.

आज शुक्रवारी सकाळी आगेरा समितीच्या अध्यक्षा लिनेट आणि आमचे फादर कॉलिन लोंब्या पाहायला आले. लिनेटने एक लोंबी हातात घेतली, ती मानेतून लुळी पडली. दुसरी घेतली, तीही पडली. ती फार सभ्य मुलगी आहे. "गॅबी अंकल, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, "पण या उभ्याच राहत नाहीयेत. परशुरामकाकांना विचारू का?" मी फादरकडे पाहिले. हिंदूच्या शेतातले भात आगेराला चालेल का, असे मी विचारले. मला त्या प्रश्नाची लाज वाटते, पण विचारला. फादर म्हणाले, भात देवाचाच आहे, बांध तेवढा आपण घातलाय. परशुराम परगावी गेला होता, म्हणून त्याला शनिवारी विचारायचे ठरले. ते दोघे गेल्यावर मी शेतात बराच वेळ उभा होतो. मला परशुरामचा हेवा वाटतो. तो नेहमीच वाटत आला आहे, पण आजपर्यंत आगेराच्या दिवशी तरी वाटत नसे.

१०. सबब माझी विनंती अशी की :

परशुरामच्या शेतातील भातावर करपा का पडला नाही याची चौकशी व्हावी, आणि शोधून एखादा ठिपका सापडल्यास तसा दाखला आगेरापूर्वी मिळावा. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या शेतातील लोंब्या कापण्यास मनाई करावी. रस्त्याकडील फलकावर 'अर्कासाठी पाला : गॅब्रियल नुनीस यांच्या झाडाचा' अशी ओळ ठळक अक्षरात घालावी, म्हणजे त्याच्या नावापेक्षा लहान नसेल अशी. आणि बेलाचा जो वाटा मला रीतीने येणे होता, तो का आला नाही, याबद्दल त्याच्याकडून खुलासा मागवावा.

११. येथपर्यंतचा अर्ज शुक्रवारी लिहून झाला होता. तो शनिवारी पाठवणार होतो. परंतु शनिवारी जे घडले ते लिहिणे भाग आहे. वरचा मजकूर मी खोडलेला नाही. टंकित केलेला कागद मी कधी खोडत नाही.

शनिवारी संध्याकाळी लिनेट व फादर परशुरामकडे आले तेव्हा मी बेलामागे उभा होतो. लपून नव्हे. झाड माझे आहे. लिनेटने विचारले. तो लगेच हो म्हणेल, मान वर करून म्हणेल, अशी माझी खात्री होती. मी असतो तर तसेच म्हटले असते. तो म्हणाला, "माज्या शेतान कशाला? गाबरेलच्या शेतान हायत ना लोंब्या. मान त्याचाच हाय." लिनेट म्हणाली की आम्ही काल पाहिले, तिथे एकही धड नाही. तो म्हणाला, "बेलाखालचा कोपरा बगितला न्हाय तुमी."

ते तिघे बांधावरून चालत आले, आणि मला बेलामागून बाहेर यावे लागले. कोपऱ्यात, बांधाला लागून, माझ्या हद्दीत, हात पोचेल तेवढ्या पट्ट्यात भात पिवळेजर्द उभे होते. एकही मान मोडलेली नव्हती. दाणा नखाने फुटत नव्हता इतका भरलेला. माझे शेत, माझे भात, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याच बांधावर उभा राहत होतो, महोदय. पण तोंड पलीकडे करून. तो कोपरा इतके दिवस माझ्या पाठीमागे होता.

हे कसे झाले, असे मी परशुरामला विचारले. त्याचे उत्तर जसेच्या तसे देतो. "बेल तुजा, तं वाटा तुजा. पंपान उरला तो दर टायमाला तुज्या कोपऱ्यावर मारला. बांदावरनंच मारला हं, आत पाय न्हाय घातला. तुजी पाटी वाचलीय मी." मला सांगितले का नाहीस, असे मी म्हणालो. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मी काहीतरी विचित्र विचारले आहे. "सांगायचा काय त्यान?" तो म्हणाला. "रीतच हाय."

परिच्छेद ४ मध्ये याच अर्थाचे एक वाक्य मी लिहिले आहे. ते पुन्हा वाचून पाहिले. मग टेरेझाने दिलेला चहा घेतला.

१२. काल रविवारी आगेरा पार पडला. लोंब्या माझ्या शेतातून कापल्या गेल्या. त्या मी डोक्यावरून नेल्या. बँड होता, गाव मागे होते, टिना व लॉयड दोघेही आले होते, आणि टेरेझा वाटेत दोनदा पुढे येऊन माझा सदरा नीट करून गेली. एवढ्या भरदार लोंब्या कित्येक वर्षांत पाहिल्या नाहीत, असे जुनी मंडळी म्हणाली. देवळाबाहेर सगळे माझे अभिनंदन करत होते. त्यात सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवणारा माणूस परशुराम होता. दरवर्षीप्रमाणे त्याला एक लोंबी दिली. त्याने ती कपाळाला लावली आणि खिशात जपून ठेवली. ती त्याच्याच हातची आहे हे तेथे टेरेझा धरून आम्हा पाच जणांना माहीत होते आणि कोणी बोलले नाही. मला फार आनंद झाला होता. त्याच वेळी आतून जळफळाट होत होता. पूर्वी त्याच्याकडे काही असे आणि माझ्याकडे नसे, म्हणून हेवा वाटे. काल सगळे माझ्याकडे होते, तरी वाटला. आता वाटायला कारण उरलेले नाही, आणि तरी तो जात नाही. यावर आपल्या खात्याकडे काही फवारणी आहे का, अशी विचारणा मी येथे करणार होतो. पण ती योग्य ठरणार नाही.

१३. वरील घडामोडी पाहता परिच्छेद १० मधील विनंत्या मागे घेत असून, त्याऐवजी पुढील सुधारित विनंत्या विचारात घ्याव्यात.

रस्त्याकडील फलक आहे तसाच राहू द्यावा. खाली जागा असल्यास बारीक अक्षरात 'बेल : नुनीस' एवढे लिहावे. नसल्यास लिहू नये.

शिवांगी मॅडमच्या युरियाबाबतच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे नोंदवावे. किती, ते विचारू नये.

पुढील हंगामात अर्काचे प्रात्यक्षिक मला मिळावे आणि बुरशीनाशक परशुरामला. तो ते दोन वेळा, सांगितलेल्या वेळीच मारेल आणि त्याचे भात तरीही चांगले येईल, हे मला माहीत आहे. अर्क करण्याची रीत, पाला किती, पाणी किती, किती वेळ भिजवायचा, हे सर्व छापील स्वरूपात माझ्या पत्त्यावर पाठवावे. परशुरामला विचारता येण्याजोगे आहे. परंतु त्याला विचारले की तो सांगत बसणार नाही, स्वतः येऊन पाला वाटून देईल, वर पंपही धुऊन ठेवेल. ते मला सहन होणार नाही.

शेवटची विनंती : यापुढे उक्त परशुराम यांनी माझ्या शेतास माझ्या नकळत कोणताही लाभ पोचवू नये, पोचवावयाचा असल्यास आगाऊ कळवावे, म्हणजे मला तोंड त्या बाजूला वळवून ठेवता येईल, अशी समज त्यांना खात्यामार्फत देण्यात यावी. मी समज दिल्यास ते फक्त हसतात.

सोबत नमुने जोडले आहेत. आपण स्वतः पाहणीस आलात तर चहा आमच्याकडेच घ्यावा, पलीकडे नंतर जावे, एवढे आग्रहाचे सांगणे.

आपला नम्र आणि शेजाऱ्यापुढे हात टेकलेला,

(सही)
गॅब्रियल इनास नुनीस
उत्तन, दिनांक ६ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) मान मोडलेली लोंबी, कागदात गुंडाळून.
२) बेलाखालच्या कोपऱ्यातील निरोगी लोंबी. दोन्ही एकाच शेतातील आहेत असा दाखला मिळाल्यास टेरेझाला दाखवण्यासाठी उपयोगी पडेल.
३) बेलाची पाने. झाड माझे असल्याचा पुरावा म्हणून.

ता. क. : माझा गुडघा सुजल्याने मला तालुक्याला येणे शक्य नाही. परशुराम उद्या तिकडे येणार आहे, म्हणून हा अर्ज बंद पाकिटात त्याच्याच हाती पाठवत आहे. पाकिटावर चिकटपट्टी लावलेली नाही, तिची गरज नाही. आत काय आहे असे त्याने विचारले नाही आणि तो उघडून पाहणार नाही. माणूसच तसा आहे, आणि हीच तर माझी मूळ तक्रार आहे.